करवंदीच्या जाळीतील कोंबडी

कडप्पा हे नाव मराठी माणसाच्या घरात शिरते ते स्वयंपाकघराच्या दाराने. ओट्याचा काळा दगड, मांडणीच्या फळ्या, न्हाणीघरातील फरशी या सर्वांना आपण सरसकट 'कडप्पा' म्हणतो. आणि ज्या जिल्ह्यावरून हे नाव आले तो आपल्या हैदराबादच्या दक्षिणेस, एका रात्रीच्या प्रवासावर आहे हे पुष्कळदा विसरून जातो. यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने 'व्यवसायाबाहेरील एखाद्या आवडीविषयी लिहा' असा आग्रह केला, तेव्हा मला याच जिल्ह्यातील एक पक्षी आठवला. त्याच्याविषयी लिहावयाचे तर माझ्या व्यवसायातील एक चूकही लिहावी लागेल. ती आजवर मी चारचौघांत सांगितलेली नाही.

१९८० सालची गोष्ट. नेत्रशल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण नुकतेच संपले होते. त्या काळी खेडोपाडी नेत्रशिबिरे भरत. एका सेवाभावी संस्थेच्या अशाच शिबिरासाठी कडप्पा जिल्ह्याच्या पूर्व भागात, बद्वेलच्या बाजूस जाण्याचा योग आला. शाळेच्या दोन खोल्यांत शस्त्रक्रिया, व्हरांड्यात तपासणी आणि पटांगणात चिंचेखाली बसलेले दीड-दोनशे रुग्ण, असा एकूण थाट होता. मोतीबिंदूच्या रांगेत पस्तिशीच्या घरातील एक सडपातळ माणूस येऊन बसला. त्याची तक्रार एकाच शब्दाची होती: 'रेचीकटी'. तेलुगूत रातांधळेपणाला हा शब्द आहे.

रातांधळेपणा किती दिवसांपासून, हा आमचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर मात्र ठरलेले नव्हते. तो पारधाचा धंदा करणारा. रात्री हाती दिवा घेऊन रानात पक्षी धरी. तो म्हणाला, "तीन वर्षांमागे कलिवि कोडी वीस पावलांवरून दिसे. मग ती हलली तरच दिसू लागली. औंदा पायाशी येऊन उभी राहिली तरी दिसत नाही. मुलगा दाखवतो."

मी विचारले, "कलिवि कोडी म्हणजे?" त्याने हाताने उंची दाखविली, छातीवर बोटाने दोन आडव्या रेघा ओढल्या आणि सांगितले, की ही दिवसा कोणाला दिसत नाही, काळोख पडला की झुडपांतून बाहेर येते, पळते, थांबते, पुन्हा पळते. मी हसून म्हटले, "ती टिटवी असेल." तो शांतपणे म्हणाला, "कादु, सार." नव्हे, साहेब. टिटवी उघड्यावर राहते, ही झुडपांत राहते. मागे रांग खोळंबली होती. मी त्याच्या बाहुल्या विस्फारून नेत्रदर्शकाने आत पाहिले. दृष्टिपटलाच्या कडेने हाडाच्या कणांसारखे काळे ठिपके पसरलेले होते. रेटिनायटिस पिगमेंटोसा. जीवनसत्त्व 'अ'च्या अभावाने आलेला रातांधळेपणा औषधाने बरा होतो. हा होत नाही. मी त्याला तसे सांगितले आणि रात्रीचा धंदा सोडण्याचा सल्ला दिला. केसपेपरवर निदान लिहिले. कलिवि कोडीविषयी काहीच लिहिले नाही.

एका शल्यविशारदाचा पक्षी

आता या कथेचा जुना धागा. थॉमस कॅव्हरहिल जेर्डन हा १८११ साली जन्मलेला, एडिंबरोस वैद्यक शिकलेला गृहस्थ १८३६ साली ईस्ट इंडिया कंपनीचा साहाय्यक शल्यविशारद म्हणून मद्रासला उतरला. घोडदळाच्या एका पलटणीबरोबर त्याची बदली झाली ती चक्क जालन्याला! दख्खनच्या पठारावर त्याने काही वर्षे काढली. माझे आजोबा जालन्याहून नोकरीच्या शोधात निजामाच्या राजधानीत आले, त्यामुळे या योगायोगाचे मला विशेष अप्रूप वाटते. छावणीतील रुग्ण तपासून उरलेल्या वेळात हा डॉक्टर पक्षी, साप, मासे, मुंग्या, जे दिसेल ते पाहून टिपून ठेवी. पुढे तो नेल्लोरला सिव्हिल सर्जन झाला. १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेला 'द बर्ड्स ऑफ इंडिया' हा त्याचा ग्रंथ भारतीय पक्षिशास्त्राचा पाया समजला जातो. या ग्रंथाचे एक वैशिष्ट्य असे, की पक्ष्याच्या शास्त्रीय नावाबरोबर त्याची देशी नावेही त्याने आवर्जून दिली. ती नावे अर्थातच शिकारी, फासेपारधी आणि गावकरी यांच्या तोंडची होत.

१८४८ च्या सुमारास पूर्व घाटाच्या टापूत त्याला एक अनोळखी पक्षी मिळाला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातील एडवर्ड ब्लाइथ याने त्याच वर्षी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. 'बायटॉर्क्वेटस', म्हणजे दोन कंठे ल्यालेला, हे नाव तेव्हाचे. आज हा पक्षी 'ऱ्हायनॉप्टिलस बायटॉर्क्वेटस' या नावाने ओळखला जातो. मराठीत जेर्डनचा धाविक. त्याचे तेलुगू नाव जेर्डनने नोंदविले आहे, त्याचा अर्थ होतो 'रानातली रिकामी थैली'. तेलुगूत अडवि म्हणजे रान, उत्त म्हणजे रिकामी आणि तित्ति म्हणजे थैली. 'उत्त तित्ति' हा टिटवीच्या ओरडण्याचाही उच्चार आहे. म्हणजे माळावरची टिटवी निराळी आणि रानातली निराळी, हा भेद तिथल्या माणसांनी शास्त्रज्ञांच्या आधीच केलेला होता. माझा रुग्ण मला दुसरे काय सांगत होता?

धाविकाचे कुळ

धाविक हे नाव अगदी समर्पक आहे. हे पक्षी उडण्यापेक्षा धावणे पसंत करतात. थोडे पळतात, एकदम थबकतात, वाकून किडा टिपतात आणि पुन्हा पळू लागतात. पायाला मागचे बोट नसते. पुढची तीन आखूड बोटे धावण्यासाठीच घडविल्यासारखी असतात. त्यांचे आप्त वाळवंटे, माळराने आणि कोरडी झुडपी राने यांतच आढळतात. आपला साधा धाविक हैदराबादभोवतीच्या माळांवर पूर्वी सहज दिसे. तांबूस छाती, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी आणि तिच्यावर पांढरी भुवई असा त्याचा वेष. नांगरलेल्या जमिनीवर तो उभा राहिला की ढेकूळ कोणते आणि पक्षी कोणता हे कळत नाही. घरटे बांधण्याच्या भानगडीत तो पडत नाही. उघड्या जमिनीवर दोन-तीन ठिपकेदार अंडी घालतो. त्या माळांवर आज निवासी वसाहती उभ्या आहेत. त्यांतल्याच एकीत माझ्या मुलाचे घर आहे, तेव्हा तक्रार तरी कोणाविरुद्ध करावयाची?

जेर्डनचा धाविक मात्र या कुळातील एकांतप्रिय सभासद. त्याचे सर्वात जवळचे नातेवाईक आफ्रिकेत आहेत. लांबी सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे तित्तिराएवढा पण सडसडीत. गळ्यावर नारिंगी-तांबूस डाग, छातीवर पांढऱ्या पट्टीने अलग केलेले दोन तपकिरी कंठे, रुंद पांढरी भुवई, आणि आम्हा नेत्रवैद्यांच्या नजरेत प्रथम भरणारे ते दोन मोठाले डोळे. तो निशाचर आहे. अंधुक प्रकाश टिपणाऱ्या शलाका पेशींच्या बळावर अशा प्राण्यांचा सारा संसार चालतो. याच पेशी माझ्या त्या रुग्णाच्या दृष्टिपटलातून एकेक करून मरत चालल्या होत्या. शिकार आणि शिकारी यांच्यातील तो फरक त्याने मला पावलांत मोजून सांगितला होता. दृष्टिक्षेत्राचा याहून नेमका आलेख कोणत्या यंत्राने काढला असता?

तो वाळवी आणि मुंग्या खातो. दक्षिण भारतातील मुंग्यांवर १८५१ साली शोधनिबंध लिहिणाऱ्या जेर्डनच्या नावाला हे शोभून दिसते.

मृत्यूचा दाखला

जेर्डननंतर हा पक्षी फार थोड्यांना दिसला. भूगर्भशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड याने १८६७ ते १८७१ या काळात गोदावरीच्या खोऱ्यात, भद्राचलम आणि सिरोंचा या भागांत तो पाहिला. सिरोंचा म्हणजे आजचा गडचिरोली जिल्हा. महाराष्ट्राच्या पक्षिसूचीत या धाविकाचा धागा आहे तो एवढाच. १९०० साली अनंतपूरच्या बाजूने शेवटची नोंद आली आणि नंतर सामसूम झाली. १९३० च्या आगेमागे पूर्व घाटाची पक्षिपाहणी झाली, तीत तो मिळाला नाही. निजाम सरकारच्या साहाय्याने सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी केली, तीतही नाही. सत्तरच्या दशकातील शोधही निष्फळ ठरले. हळूहळू तो नामशेष झाला असे सारे धरून चालले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर नाडी लागेना म्हणून मृत्यूचा दाखला लिहिण्याची तयारी झाली.

मधल्या काळात त्याची एक खूण निराळ्याच ठिकाणी पडून होती. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात एका पशुवैद्याने १९१७ साली एक अंडे जमा केले होते. ते स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात होते. २०१३ साली त्याकडे लक्ष गेले आणि डीएनए तपासणीने ते जेर्डनच्या धाविकाचे ठरले. या पक्ष्याचे शास्त्राला ज्ञात झालेले ते पहिले अंडे. शोध लावणारा शल्यविशारद आणि अंडे जपणारा पशुवैद्य! आपल्या व्यवसायाने या पक्ष्यासाठी काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

ऐतन्नाच्या दिव्यात

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दुर्मीळ जातींचा शोध पुन्हा हाती घेतला. भरत भूषण हे तरुण संशोधक कडप्पा जिल्ह्यात आले. त्यांनी केले ते फार साधे होते. त्यांनी स्थानिक पारध्यांना आणि गावकऱ्यांना पक्ष्याविषयी विचारले आणि उत्तरे ऐकून घेतली. आजवरचे शोध दिवसा झाले होते. हा पक्षी रात्रीचा आहे, हे त्या माणसांना ठाऊक होते. जानेवारी १९८६ मध्ये रेड्डीपल्ली गावाजवळ ऐतन्ना नावाच्या पारध्याने रात्री दिव्याच्या झोतात एक पक्षी जिवंत धरला. ८६ वर्षांनी जेर्डनचा धाविक माणसाच्या हाती आला होता. दुर्दैवाने तो बंदिवासात जगला नाही. सोसायटीच्या संग्रहात तो आज जपून ठेवलेला आहे. सालिम अली तेव्हा ८९ वर्षांचे होते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो सापडल्याचे त्यांना पाहावयास मिळाले. पुढल्याच वर्षी, जून १९८७ मध्ये, त्यांचे निधन झाले.

ही वार्ता मी सुलतान बाजारातील दवाखान्यात, सकाळच्या चहाबरोबर वाचली. तिच्यात स्थानिक नाव दिले होते: कलिवि कोडी. कलिवि म्हणजे करवंद आणि कोडी म्हणजे कोंबडी; करवंदीच्या जाळीतील कोंबडी. पेला तसाच राहिला. सहा वर्षांपूर्वी व्हरांड्यात बसून एका माणसाने छातीवर दोन रेघा ओढून मला हाच पक्षी दाखविला होता, आणि मी त्याला टिटवी शिकविली होती!

तो ऐतन्ना नव्हे, एवढे निश्चित. ज्याला रात्री पायाशी दिसत नव्हते तो सहा वर्षांनी पक्षी कसा धरणार? पण त्याचे नाव मला आठवेना. ते केसपेपरवर मी स्वतः लिहिले असणार. शिबिराचे कागद कधीच रद्दीत गेले होते. सापडले असते तरी काय उपयोग? कामाचे वाक्य त्यांत नव्हतेच.

मात्रेचा प्रश्न

पक्षी सापडल्यावर खरे काम सुरू झाले. १९८८ साली सुमारे ४६४ चौरस किलोमीटरचे श्री लंकमल्लेश्वर अभयारण्य घोषित झाले आणि त्याच वर्षी टपाल खात्याने या पक्ष्याचे तिकीटही काढले. परंतु जो दिसतच नाही त्याचा अभ्यास करावा कसा? पी. जगन्नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर युक्ती काढली. झुडपांमधल्या मोकळ्या जागांत बारीक मातीचे पट्टे अंथरावयाचे आणि सकाळी त्यांवर तीन बोटांचे ठसे शोधावयाचे. जोडीला आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे आणि सूर्यास्तानंतर तासाभरात येणाऱ्या त्याच्या दोन स्वरी सादेची ध्वनिमुद्रणे होती. दृश्य चिन्हे नसताना अप्रत्यक्ष चाचण्यांवरून निदान करण्याचाच हा प्रकार.

त्यांतून निघालेला निष्कर्ष डॉक्टरांना विशेष रुचेल. दोन मीटरहून उंच झुडपे हेक्टरी ३०० ते ७०० आणि लहान झुडपे हजाराच्या आत, अशा रानात हा पक्षी असण्याचा संभव सर्वाधिक असतो. झुडपे तोडून रान उजाड झाले तर तो जातो. चराई पूर्ण बंद होऊन रान गच्च माजले तरीही जातो. म्हणजे औषधासारखाच मात्रेचा प्रश्न. कमी झाले तर गुण नाही, जास्त झाले तर अपाय. गुराखी आणि लाकूडफाटा नेणाऱ्या बाया यांना रानाबाहेर काढले की काम झाले, असे येथे नाही. त्यांच्या वावरानेच ते रान काही अंशी तसे राहिले आहे.

२००५ च्या अखेरीस तेलुगू-गंगा कालव्याची खोदयंत्रे याच्या अधिवासात शिरली. अभ्यासक आणि वन खाते यांच्या लक्षात येताच काम थांबले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या समितीपुढे गेले आणि कालव्याचा मार्ग बदलावा लागला. रायलसीमेचा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिला आहे. तिथे पाण्याला विरोध करणे कोणाला शोभणार नाही. पाणीही येते आणि पक्षीही राहतो असा मार्ग शोधला तर सापडतो, एवढे त्या प्रकरणाने दाखविले.

तरीही २००८-०९ नंतर त्याची खात्रीलायक नोंद मिळेनाशी झाली. आंतरराष्ट्रीय सूचीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. संख्येचा अंदाज ५० ते २४९ प्रौढ पक्षी, आणि तोही जुन्या माहितीवर बेतलेला. २०१२ च्या हिवाळ्यात रीतसर परवानगी घेऊन मी लंकमल्लच्या पायथ्याशी दोन संध्याकाळी बसलो. समोर करवंदीच्या, बोरीच्या जाळ्या, मागे रक्तचंदनाचे डोंगर. सूर्य मावळला, रातव्यांचे आवाज सुरू झाले, दूर टिटवी ओरडली. मला हवी ती साद आली नाही. सोबतच्या गावकऱ्याला मी कलिवि कोडीविषयी विचारले. तो पंचविशीचा मुलगा म्हणाला, "आजोबा सांगत." ते दोन शब्द मला त्या न आलेल्या सादेपेक्षा अधिक बोचले. पक्षी दृष्टीआड झाला तर निदान शोधता येतो; त्याला ओळखणारा शेवटचा माणूस गेला की शोधावे काय हेही कळत नाही.

आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातच काही पक्षिनिरीक्षकांनी त्याची साद पुन्हा ध्वनिमुद्रित केल्याची वार्ता आली. सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या दिवशी किती आनंद झाला हे येथे लिहीत नाही. आपल्या महाराष्ट्रात रानपिंगळा १८८४ नंतर थेट १९९७ साली शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला होता. निसर्गाच्या दप्तरात मृत्यूचा दाखला लिहिताना घाई करू नये, हेच खरे.

१९८६ पासून माझ्या दवाखान्यात एक रीत आहे. केसपेपरवर पहिली ओळ रुग्णाच्या शब्दांत, त्याच्याच भाषेत लिहावयाची. तेलुगू, उर्दू, मराठी, जशी असेल तशी. निदान तिच्याखाली. नवे साहाय्यक सुरुवातीला कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. जातोच. पण त्या ओळीने मला काचबिंदूचे दोन-चार रुग्ण वेळेत दाखविले आहेत, हे नम्रपणे नमूद करतो.

आपल्या मंडळातील तरुण सभासद आजही शिबिरांसाठी रायलसीमेत, आदिलाबादेत, गडचिरोलीकडे जातात. त्यांना एकच विनंती आहे. रुग्ण रानातला असेल तर तपासणी आटोपल्यावर दोन मिनिटे त्याला रानाविषयी विचारा, आणि तो जी नावे सांगेल ती लिहून ठेवा. साद ऐकण्याच्या हौसेने ध्वनिमुद्रणे वाजवीत कोणी त्या रानात मात्र जाऊ नये. त्या पक्ष्याला शांततेची गरज आपल्या कुतूहलाहून अधिक आहे. आणि बद्वेलच्या बाजूस कोणाचे जाणे झालेच, तर एका वृद्धाची चौकशी करावी. वय ऐंशीच्या घरात, तरुणपणी पक्षी धरीत असे, पुढे रातांधळा झाला. भेटला तर त्याला सांगावे, की हैदराबादच्या डोळ्यांच्या डॉक्टरने विचारले आहे आणि ती टिटवी नव्हती, हे त्याला आता कळले आहे.